वचनांचे आंकडे

परगांवच्या आप्ताचें पत्र घरीं आलें म्हणजे तें मायन्यापासून सहीपर्यंत एका बैठकीला वाचलें जातें. त्यांतलें सातवें वाक्य आज आणि बारावें उद्यां, असें कोणी वाचीत नाहीं. किंवा मधलेंच एखादें वाक्य उचलून त्याच्या आधारें घरांतला तंटा तोडावा, असेंही कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि जगांत कांहीं पत्रें अशीं आहेत कीं, जीं कोट्यवधि लोक गेलीं साडेचारशें वर्षें बहुधा याच रीतीनें वाचीत आले आहेत. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत पौल नांवाच्या धर्मप्रचारकानें करिंथ, रोम, थेस्सलनीका इत्यादि शहरांतील लहान लहान मंडळ्यांना लिहिलेलीं तीं पत्रें होत. आज बायबलच्या नव्या करारांत तीं उघडून पाहिलीं, तर अध्यायांत विभागलेलीं आणि वाक्यावाक्यावर आंकडा घातलेलीं दिसतात. हे अध्याय पौलाचे नाहींत, आणि ते आंकडेही त्याचे नाहींत. स्तोत्रसंहितेंतील स्वतंत्र स्तोत्रें वगळलीं, तर बायबलमधील जवळ जवळ सर्व ग्रंथांविषयीं हेंच म्हणतां येईल. हे आंकडे कोणी घातले, कशासाठीं घातले, आणि त्यांच्या योगानें वाचणाराच्या दृष्टींत काय फरक पडला, हा इतिहास लहानसा असला तरी विचार करण्याजोगा आहे.

मूळ ग्रीक हस्तलिखितांत अध्याय व वचनें तर नव्हतींच, पण दोन शब्दांमधील मोकळी जागाही नव्हती. सर्व अक्षरें एका ठेवणीचीं, एकमेकांना लागून, ओळीमागून ओळ अशीं लिहिलीं जात. आपल्याकडील जुन्या पोथ्यांत किंवा मोडी कागदांत शब्द न तोडतां लिहिलेली ओळ ज्यानें पाहिली असेल, त्याला याची कल्पना सहज येईल. सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं सेंट कॅथरिनच्या मठांत सांपडलेली चौथ्या शतकांतील 'कोडेक्स सिनाइटिकस' ही चर्मपत्रावरील प्रत अशीच आहे. ब्रिटिश म्यूझियमनें १९३३ सालीं ती सोव्हिएट सरकारकडून एक लक्ष पौंडांस विकत घेतली, आणि तिचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. तिच्या पानावर चार चार अरुंद स्तंभ असून त्यांतून अक्षरांच्या ओळी अखंड खालीं उतरत जातात.

अशी प्रत एकट्यानें चाळण्यासाठीं नसे. एकानें ती मोठ्यानें वाचावयाची आणि बाकीच्यांनीं ऐकावयाची. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस, हें पत्र मंडळींत वाचून झाल्यावर लावदिकीया येथील मंडळीकडे धाडावें आणि तिकडचें पत्र इकडे आणून वाचावें, अशी सूचनाच आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर ह्या लेखकानें ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचें वर्णन केलें आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तोंपर्यंत वाचले जात, असें तो सांगतो. पत्र ऐकणाऱ्या पहिल्या मंडळीला त्याचा आरंभ ठाऊक असे, त्यांतला राग आणि लोभ ऐकूं येई, आणि शेवटचे नमस्कार कोणाकोणाला आहेत हेंही कळे.

पुढें ग्रंथांचा अभ्यास वाढला तशा खुणांची गरज भासूं लागली. यहुदी लोकांच्या हिब्रू शास्त्रांत वचनाचा शेवट दाखविण्याची आणि परिच्छेद तोडण्याची परंपरा फार जुनी होती. मात्र त्या वचनांना क्रमांक नव्हते. चौथ्या शतकाच्या आरंभीं कैसरियाचा बिशप युसिबियस यानें चारही शुभवर्तमानांचे लहान लहान भाग पाडले. मत्तयाचे ३५५ आणि योहानाचे २३२ भाग करून त्यानें त्यांचीं दहा कोष्टकें मांडलीं. एकच प्रसंग चौघांपैकीं कोणाकोणांच्या ग्रंथांत आला आहे, तें या कोष्टकांवरून शोधतां येई. ह्या सर्व खुणा समासांत राहत. ज्याला शोधावयाचें असेल त्यानें समासाकडे पाहावें, ज्याला वाचावयाचें असेल त्यानें मजकुराकडे, अशी ही सोयीची वांटणी होती.

आज रूढ असलेल्या अध्यायांचें श्रेय परंपरेनें स्टीफन लँग्टन ह्या इंग्रज पंडिताला दिलें जातें. बारावें शतक संपून तेरावें लागलें त्या सुमारास तो पॅरिस येथें धर्मशास्त्र शिकवीत होता. पुढें १२०७ सालीं तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला, आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या प्रकरणामुळें इंग्लंडच्या राजकीय इतिहासांतही त्याचें नांव राहिलें. ही विभागणी सर्वस्वी त्याचीच, कीं आधींपासून इंग्लंडांत चालू असलेली त्यानें पुढें आणली, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु तेराव्या शतकांत पॅरिसमध्यें तयार झालेल्या प्रतींबरोबर ती सर्व युरोपभर गेली, हें निश्चित आहे. निरनिराळ्या देशांहून आलेल्या विद्यार्थ्यांजवळ निरनिराळ्या विभागणीच्या प्रती असत. गुरूनें एक उतारा सांगावा आणि प्रत्येकानें आपल्या प्रतींत तो धुंडाळीत बसावें, ही अडचण अध्यायांच्या समान क्रमांकांनीं दूर झाली.

त्याच शतकांत, १२३० नंतरच्या दशकांत, सेंट शेरचा ह्यू याच्या देखरेखीखालीं पॅरिसच्या डोमिनिकन साधूंनीं लॅटिन बायबलची शब्दसूची रचिली. तिच्यासाठीं प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना 'ए' पासून 'जी' पर्यंत अक्षरें दिलीं होतीं. पंधराव्या शतकांत आयझॅक नाथन ह्या यहुदी पंडितानें हिब्रू शब्दसूची केली, तेव्हां त्यानेंही ख्रिस्ती लोकांचेच अध्याय घेतले. धर्मवादांत ख्रिस्ती पंडित आधार सांगत ते ह्या अध्यायांनीं; त्यांना उत्तर द्यावयाचें तर तो पत्ता माहीत असणें भाग होतें. अशा रीतीनें यहुद्यांच्या शास्त्रावरही परक्यांचे आंकडे चढले. शाळा, शब्दसूची आणि वादविवाद ह्या तीन गरजांतून ही व्यवस्था वाढली आहे, हें येथवरच्या हकीकतीवरून दिसून येईल. ग्रंथ सलग वाचणारासाठीं म्हणून तिची योजना कोणीही केली नव्हती.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. सुमारें १४५५ सालीं गुटेनबर्गनें छापलेल्या बायबलांत वचनांचे आंकडे नाहींत. मार्टिन लूथरचा जर्मन नवा करार १५२२ सालीं आणि विल्यम टिंडलचा इंग्रजी नवा करार १५२६ सालीं निघाला, त्यांतही ते नाहींत. ज्या ग्रंथांच्या वाचनानें युरोपांत धर्मक्रांति झाली, ते ग्रंथ लोकांनीं प्रथम परिच्छेदांच्या रूपांत, वाहत्या गद्यांत वाचले.

वचनांना आंकडे घालण्याचे प्रयत्न याच सुमारास सुरू झाले होते. सांतेस पाग्निनी यानें आपल्या लॅटिन बायबलांत एक पद्धति वापरली, पण नव्या करारापुरती ती टिकली नाहीं. जी टिकली ती पॅरिसचा विद्वान मुद्रक रोबेर एस्तियेन याची. तो फ्रान्सच्या राजाचा मुद्रक होता. परंतु त्याच्या बायबलच्या आवृत्त्यांवरून सॉर्बोनच्या धर्मपंडितांशीं त्याचें वांकडें आलें, आणि शेवटीं पॅरिस सोडून तो जिनीव्हास गेला. तेथें १५५१ सालीं त्यानें ग्रीक नव्या कराराची आवृत्ति काढली. तिच्यांत मधोमध ग्रीक आणि दोहों बाजूंस दोन लॅटिन भाषांतरें छापलीं होतीं. तिन्ही स्तंभ एकमेकांशीं जुळावे म्हणून मजकुराचे लहान तुकडे पाडून त्यांना क्रमांक देणें त्याला सोयीचें वाटलें. शब्दसूची करण्याचाही त्याचा बेत होता. त्याचा मुलगा आंरी यानें पुढें लिहून ठेविलें कीं, हें काम वडिलांनीं पॅरिसहून लिओंस जातांना प्रवासांत केलें. यावरून, घोड्याला ठेंच लागे तेथें नवें वचन सुरू होई, अशी थट्टाही निघाली. मुक्कामाच्या धर्मशाळांत बसून त्यानें तें काम केलें असावें, असें समजूतदार लोक मानतात.

ह्या आंकड्यांपेक्षांही त्यांच्या छपाईच्या पद्धतीनें अधिक परिणाम घडविला. जिनीव्हांत राहणाऱ्या इंग्रज निर्वासितांनीं १५५७ सालीं नवा करार आणि १५६० सालीं संपूर्ण बायबल इंग्रजींत छापलें. त्यांत प्रत्येक वचन नव्या ओळीवर, स्वतंत्र परिच्छेदासारखें मांडलें होतें. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलनें तीच मांडणी उचलली, आणि इंग्रजी बोलणाऱ्या जगानें ती शेंकडों वर्षें पाहिली. आतां समासांतील खूण मजकुराच्या आंत शिरली. पत्र असो, कथा असो, वंशावळ असो वा विलापगीत असो, पानावर सर्वांचें रूप एकच झालें: क्रमांक घातलेल्या सुट्या वाक्यांची यादी.

मराठी वाचकाला ह्या फरकाचें मर्म स्वतःच्या परंपरेवरून चटकन् उमगेल. गीतेचा श्लोक किंवा ज्ञानेश्वरीची ओवी हा कवीनें स्वतः घडविलेला मणि आहे. छंदानें त्याचा आरंभ व शेवट बांधलेला आहे. त्याला आंकडा दिला तरी कवीची रचना मोडत नाहीं. ऋग्वेदाची मंडल, सूक्त व ऋचा ही वांटणी रचनेला धरून आहे. पण त्याच संहितेची अष्टक, अध्याय व वर्ग अशी दुसरीही वांटणी आहे, ती पठणाच्या सोयीसाठीं जवळजवळ सारख्या मापानें केलेली. मापाच्या त्या वांटणीला रचनेची वांटणी समजण्याची चूक वैदिक करणार नाहीं. मराठी ख्रिस्ती समाजांत वचनाला 'ओवी' म्हणण्याचीही चाल आहे. शब्द गोड आहे, परंतु पौलाच्या गद्य पत्रांतलें वचन ओवी नव्हे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभीं ग्रीक भाषेंत सुमारें दोनशें शब्दांचें एकच वाक्य आहे. त्याचीं आज बारा वचनें मोजलीं जातात. उलट, मूळचा इंग्रज असलेल्या फादर स्टीफन्सनें गोमंतकांत 'ख्रिस्तपुराण' रचिलें आणि १६१६ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यानें बायबलची कथा अकरा हजारांच्या आसपास खऱ्या ओव्यांत ओतली. श्रोत्यांसमोर एकामागून एक अवस्वर वाचावा, अशा पुराणाच्या पद्धतीनें ती सलग चालते.

तुकडे पडल्यानें अर्थाचें काय होतें, तें कांहीं उदाहरणांवरून पाहतां येईल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत सृष्टीचे सहा दिवस आहेत. सातवा विश्रांतीचा दिवस, ज्याच्यासाठीं ती सगळी गणना चालली होती, तो दुसऱ्या अध्यायांत जाऊन पडला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौल जिन्याच्या पायऱ्यांवर उभा राहून हातानें खूण करतो, जमाव शांत होतो, तो बोलूं लागतो, आणि तेथेंच एकविसावा अध्याय संपतो. भाषण बाविसाव्यांत आहे. हे दोष वाचणाऱ्याला थोडे अडखळवितात इतकेंच.

याहून मोठी हानि निराळी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रीतीचें स्तवन म्हणून लग्नप्रसंगीं वाचला जातो. परंतु तें स्तवन एका भांडणाच्या मधोमध उभें आहे. कोणाची देणगी श्रेष्ठ, कोणाची कनिष्ठ, यावरून करिंथची मंडळी फुटूं पाहत होती. बाराव्या अध्यायांत पौल तिला समजावतो आणि चौदाव्यांत पुन्हां त्याच विषयावर येतो. मधला तुकडा वेगळा काढला म्हणजे एक कठोर उपदेश केवळ सुंदर काव्य होऊन राहतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायांतील एक आश्वासन, ईश्वराच्या योजना कल्याणाच्या आहेत असें सांगणारें, अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेलें दिसतें. तें बाबेलांत नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रांतलें आहे, आणि त्याच्या लगत आधीं सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, असें तें पत्र म्हणतें. कारण ऐकणाऱ्या प्रौढांपैकीं बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. ईयोबाच्या ग्रंथांत जीव वांचविण्यासाठीं मनुष्य आपलें सर्वस्व देतो अशा अर्थाचें एक वचन आहे. शहाणपणाचें वाक्य म्हणून तें सांगितलें जातें. पण मूळ कथेंत तें सैतानाच्या तोंडीं आहे, आणि पुढें सारी कथा त्याला खोटें पाडण्यासाठींच चालते.

कित्येक वेळां हा प्रश्न माणसांच्या संसारापर्यंत पोहोंचतो. इफिसकरांच्या पत्रांत पत्नीनें पतीच्या अधीन असावें असें सांगणारें एक वचन आहे, पांचव्या अध्यायांतील बाविसावें. पिढ्यान् पिढ्या तें एकटें उचलून स्त्रियांना ऐकविलें गेलें. परंतु अतिप्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ह्या वचनाला स्वतःचें क्रियापदच नाहीं. तें आधींच्या वचनांतून घ्यावें लागतें, आणि तेथें सर्वांनींच एकमेकांच्या अधीन असावें असें म्हटलें आहे. म्हणजे ज्या वाक्याला पहिल्या अर्ध्याशिवाय उभें राहतां येत नव्हतें, त्याला आंकड्यानें पाय दिले. कित्येक छापील प्रतींत तर त्या दोहोंच्या मध्यें नवा मथळाही घातलेला असतो. पत्नीच्या कर्तव्याविषयीं पौलाच्या पत्राचा अभिप्राय काय, यावर विद्वान आजही वाद घालतात. पण तो वाद करावयाचा तर संपूर्ण वाक्यावर करावा, एवढी मागणी तरी रास्त आहे. अमेरिकेंत गुलामगिरीचा वाद पेटला तेव्हां तिचे पुरस्कर्ते, दासांनीं धन्याची आज्ञा पाळावी असें सांगणाऱ्या वचनांचे क्रमांक पुढें करीत, आणि विरोधक दुसऱ्या वचनांचे. दोन्ही पक्षांच्या हातांत एकच ग्रंथ होता.

ही हानि प्रथम ओळखणाऱ्यांत इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक हा एक होता. १७०४ सालीं तो वारला. पौलाच्या पत्रांवरील त्याचें विवरण त्यानंतर प्रसिद्ध झालें. त्याच्या प्रस्तावनेंत तो तक्रार करतो कीं, पत्रांचे असे तुकडे केल्यामुळें सामान्य लोक वचनांना सुटीं सूत्रें समजतात, आणि शिकलेल्यांचाही विचाराचा धागा तुटतो; प्रत्येक पंथाला आपल्या मताचें वचन वेंचून घेणें त्यामुळें सोपें जातें. त्यानें स्वतः केलेला उपाय साधा होता. एक पत्र घेऊन तें आरंभापासून शेवटपर्यंत एका बैठकीला वाचावयाचें, आणि लेखकाचा मुख्य हेतु दिसूं लागेपर्यंत तें पुनः पुनः तसेंच वाचावयाचें.

लॉकच्या तक्रारीला मुद्रकांनीं सावकाश प्रतिसाद दिला. जॉन रीव्ह्ज यानें १८०२ सालीं परिच्छेदवार बायबल छापलें. इंग्रजी बायबलची अधिकृत सुधारलेली आवृत्ति १८८१ ते १८८५ मध्यें निघाली, तिनें मजकूर परिच्छेदांत घेऊन आंकडे पुन्हां समासांत पाठविले. १९३६ सालीं न्यूयॉर्कमध्यें अर्नेस्ट सदरलंड बेट्स यानें साहित्य म्हणून वाचण्यासाठीं निराळ्या मांडणीचें बायबल संपादिलें. अलीकडे, २००७ सालीं, अमेरिकेंतील इंटरनॅशनल बायबल सोसायटीनें अध्याय व वचनें अजिबात वगळलेली आवृत्ति काढली. २०१४ सालीं अ‍ॅडम लुइस ग्रीन ह्या अमेरिकन रेखनकारानें आंकडे नसलेलें बायबल अनेक खंडांत छापण्यासाठीं लोकांकडे ३७ हजार डॉलर मागितले, तेव्हां त्याच्याकडे १४ लक्षांहून अधिक डॉलर जमले. सलग वाचण्याची भूक किती लोकांना होती, याची ही रक्कम साक्ष देते.

तथापि आंकड्यांना केवळ दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्यामुळेंच सामान्य मनुष्य धर्मोपदेशकाचा आधार स्वतः तपासूं शकला. उपदेशकानें वचन सांगितलें कीं श्रोत्यानें आपलें पुस्तक उघडावें आणि तें तेथें आहे कीं नाहीं तें पाहावें, ही लहानशी गोष्ट नव्हे. विल्यम कॅरेनें श्रीरामपूरहून १८११ सालीं मराठी नवा करार प्रसिद्ध केला. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलें बायबलचें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं निघालें. आज मराठी, जर्मन व ग्रीक वाचकांनीं एकत्र बसावयाचें ठरविलें, तर तिघेही क्षणांत एकाच ओळीवर येऊं शकतात, तें ह्या आंकड्यांच्या कृपेनें. फक्त ते ग्रंथाचा भाग आहेत असें मानूं नये. हिब्रू बायबलांत मलाखीचे अध्याय तीन आहेत, इंग्रजींत चार. मजकूर मात्र तोच. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांतील सदतिसावें वचन प्राचीन प्रतींत नाहीं असें आढळल्यावर कित्येक नव्या आवृत्त्यांनीं तें गाळलें. पण पुढचे आंकडे बदलतां येईनात, म्हणून तेथें छत्तिसाच्या पुढें एकदम अडतीस येतो. तो रिकामा आंकडा पाहिला म्हणजे, मजकूर आणि त्याचा पत्ता ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत, हें मुद्दाम सांगावें लागत नाहीं.

ज्या वाचकाला याचा अनुभव घ्यावयाचा असेल, त्याला नवी महाग आवृत्ति आणण्याची आवश्यकता नाहीं. पौलाचें फिलेमोनास लिहिलेलें पत्र इतकें लहान आहे कीं, त्याचे अध्याय कोणी पाडलेच नाहींत. पंचवीस वचनांचें तें पत्र वाचावयास पांच मिनिटें पुरतात. धन्यापासून दुरावलेल्या अनेसिम नांवाच्या एका दासाला पौल परत धाडीत आहे, आणि फिलेमोनानें त्याला दास न समजतां बंधु म्हणून घरांत घ्यावें, अशी विनंति करीत आहे. आरंभीं स्तुति, मग आर्जव, मधून हळूच दिलेली उपकारांची आठवण, कांहीं देणें असेल तर तें आपल्या नांवावर मांडावें असें आश्वासन, आणि शेवटीं, उतरावयास जागा तयार ठेव, आपण येणार आहोंत, ही जातां जातां केलेली सूचना. यांतलें कोणतेंही एक वचन वेगळें काढलें तर त्यांत फारसें कांहीं दिसत नाहीं. क्रमानें सगळें वाचलें, म्हणजे त्या दाराशीं पत्र घेऊन उभा असलेला अनेसिम दिसूं लागतो, आणि तें पत्र वाचून फिलेमोनानें काय केलें असेल, हा प्रश्न वाचणाराच्या मनांत राहतो.